शेवटच्या पाच मिनिटांतला बिग मॅन

बास्केटबॉलमधले ऑल टाइम बेस्ट बिग मॅन, म्हणजे रिंगजवळ खेळणारे उंच प्लेयर, कोण हा विषय निघाला की नाशिकमध्ये दोन पार्ट्या पडतात. सकाळी सहा-साडेसहाच्या मॅचेस बघून झाल्या की कॉलेज रोडला मिसळीच्या टेबलावर जी भांडणं चालतात त्यात एक पार्टी रिंगा, म्हणजे चॅम्पियनशिपच्या अंगठ्या, मोजते, कोण किती वेळा चॅम्पियन झाला, संपला विषय. दुसरी पार्टी मोबाईल काढून आकडे वाचते, किती पॉइंट, किती रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), किती ब्लॉक. मला दोन्ही पद्धती पटत नाहीत, आणि हा नुसता टाइमपास आहे असंही मला वाटत नाही, कारण आपण कोणाला वर ठेवतो आणि कशासाठी वर ठेवतो त्यावरूनच ग्राऊंडवरच्या उंच पोरांना आपण काय शिकवायचं ते ठरवतो.

रिंगाच मोजायच्या तर रॉबर्ट हॉरीकडे ७ आहेत आणि करीम अब्दुल-जब्बारकडे ६. हॉरी चांगलाच प्लेयर, मोक्याच्या वेळी शॉट टाकणारा, पण त्याला करीमच्या वर कोणी ठेवेल का? आणि आकड्यांचं म्हणाल तर ब्लॉकची नोंद एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या प्रोफेशनल लीगने, १९७३-७४ पासून ठेवायला घेतली, म्हणजे बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन या दोघांनी आयुष्यभर जे सगळ्यात जास्त केलं त्याचा हिशोबच नाही. मग कशाच्या जोरावर तुलना करणार?

माझी कसोटी वेगळी आहे. प्लेऑफची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीची, सिरीज सात मॅचची असते, तीच टीम पुन्हा पुन्हा समोर येते, आणि पहिल्या दोन मॅच बघितल्या की समोरचा कोच तुमचं मुख्य हत्यार काढून घ्यायच्या मागे लागतो. डबल टीम लावतो म्हणजे एकावर दोन माणसं टाकतो, मुद्दाम फाऊल करून फ्री थ्रोवर, म्हणजे समोर कोणी नसताना एकट्याने शॉट टाकायला पाठवतो, तुम्हाला रिंगखालून ओढून बाहेर आणतो. गार्डला निदान बॉल स्वतःच्या हातात ठेवता येतो, बिग मॅनला तो दुसऱ्याने आणून द्यावा लागतो, त्यामुळे बिग मॅनचं हत्यार काढून घेणं तुलनेने सोपं. तर प्रश्न असा, की सगळं काढून घेतल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत याच्याकडे काय उरलं? जे कोणालाच काढून घेता आलं नाही त्यावर रँकिंग करा, आणि बघा यादी कशी हलते ते.

माझी यादी आधीच सांगून टाकतो म्हणजे भांडायला सोपं जाईल. करीम, रसेल, हकीम ओलाजुवान, टिम डंकन, निकोला योकिच, शॅक (शकील ओनील), विल्ट. डंकन पॉवर फॉरवर्ड होता हे मला माहितीये, तरी तो यात धरलाय कारण त्याचं काम बिग मॅनचंच होतं. यानिस अँटेटोकौन्म्पो धरला नाही कारण तो बॉल घेऊन अर्ध्या कोर्टापासून धावत येतो, तो वेगळाच प्रकार आहे.

सगळ्यात जास्त राग विल्ट सातवा म्हणून येणार. २ मार्च १९६२ ला हर्शीमध्ये न्यूयॉर्कविरुद्ध १०० पॉइंट, त्या सीझनला सरासरी ५०.४, एका मॅचमध्ये ५५ रिबाउंड आणि तेही रसेलच्या बॉस्टनविरुद्ध, असा माणूस सातवा? हो. त्याच १०० पॉइंटच्या मॅचमधली एक गोष्ट लोक विसरतात, त्या रात्री विल्टने ३२ पैकी २८ फ्री थ्रो टाकले होते. आणि टाकले कसे, तर खालून, दोन्ही हातांत बॉल धरून गुडघ्यांच्या मधून वर सोडायचा तसे. आयुष्यभराची सरासरी ५१ टक्के असलेला माणूस त्या पद्धतीने त्या सीझनला ६१ टक्क्यांवर गेला होता. मग ती पद्धत त्याने सोडून दिली, कारण असं टाकताना आपण बावळट दिसतो असं त्याला वाटायचं, हे त्याने नंतर स्वतःच लिहिलंय. त्याच पद्धतीने रिक बॅरी ९० टक्क्यांच्या आसपास टाकायचा. म्हणजे उत्तर हातात होतं आणि लोक काय म्हणतील म्हणून फेकून दिलं. मला विल्टबद्दल या गोष्टीचं खरंच वाईट वाटतं, कारण इतकं देणं मिळालेला दुसरा माणूस या खेळात झाला नाही.

आणि मग ५ मे १९६९. फायनलची सातवी मॅच, लॉस एंजेलिसमध्ये, जिंकल्यावर सोडायला छताला फुगे बांधून ठेवलेले. एका बाजूला लेकर्सचा विल्ट, दुसऱ्या बाजूला करिअरची शेवटची मॅच खेळणारा बॉस्टनचा रसेल. साधारण साडेपाच मिनिटं उरली असताना विल्टच्या गुडघ्याला लागलं, तो बाहेर आला, थोड्या वेळाने परत जातो म्हणाला तर कोचने घेतलंच नाही. लेकर्स १०८-१०६ हरले. आता यात विल्टची चूक नाही, २७ रिबाउंड घेतले होते त्याने, आणि कोचच्या त्या निर्णयावर आजही लोक शिव्या देतात. पण विचार करा, शेवटच्या पाच मिनिटांत हा नसला तरी चालेल असं कोणत्याही कोचला विल्टबद्दल वाटू शकलं. रसेलबद्दल कोणाला असं वाटलं असतं का? तो तर स्वतःच कोच होता, खेळत खेळत कोच, आणि त्या मॅचमध्ये त्याचे पॉइंट किती, तर ६. सहा पॉइंट, २१ रिबाउंड आणि अकरावं टायटल.

रसेलचं हेच आहे. १३ सीझनमध्ये ११ टायटल हे सगळ्यांना पाठ आहे, पण मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट म्हणजे सिरीजच्या सातव्या मॅचमध्ये त्याचा रेकॉर्ड १० पैकी १०. कारण उघड आहे, त्याचं मुख्य हत्यार डिफेन्स होतं आणि डिफेन्सला डबल टीम लावता येत नाही. त्याला बॉल देणं बंद करा, काही फरक पडत नव्हता. शिवाय तो ब्लॉक मारायचा तेव्हा बॉल प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेत बसायचा नाही, हळूच टोलवून आपल्याच माणसाकडे ठेवायचा, की लगेच समोरच्या बाजूला फास्ट ब्रेक चालू. आजही आमच्याकडची पोरं ब्लॉक मारून बॉल थेट कंपाऊंडच्या बाहेर पाठवतात आणि सगळे ओरडतात, पण बॉल तर परत समोरच्यांचाच ना!

मग रसेल पहिला का नाही? कारण दुसऱ्या टोकाला, म्हणजे पॉइंट टाकण्यात, त्याच्याकडून काढून घेण्यासारखं फारसं नव्हतंच. सरासरी १५ पॉइंट, फ्री थ्रो ५६ टक्के. तो लीगमध्ये आला तेव्हा लीगमध्ये आठच टीम होत्या हेही धरावं लागतं, पण ते मी कमी महत्त्वाचं मानतो, समोर जे होते त्यांना हरवलंच ना त्याने.

करीमवर जरा थांबतो कारण माझ्या कसोटीचा तो सगळ्यात शुद्ध नमुना आहे. त्याच्याकडून पहिलं हत्यार कोचने काढलं नाही, नियमाने काढलं. तो युसीएलए कॉलेजला असताना १९६७ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलने डंकच बंद केला, १९७६ पर्यंत बंद होता. ७ फूट २ इंचाच्या पोराला सांगितलं की वरून बॉल घालायचा नाही. त्याने काय केलं, तर हुक शॉट इतका घासला की पुढची वीस वर्षं जगाला तो थांबवता आला नाही. कधी नीट बघा तो शॉट, स्लो करून बघा. डावा पाय रोवलेला, डावा खांदा डिफेंडरच्या छातीकडे, म्हणजे बॉल आणि डिफेंडर यांच्या मध्ये अख्खं शरीर, मग उजवा गुडघा वर आणि उजवा हात सरळ डोक्याच्या वर ताणलेला, बॉल सुटतो तो हाताच्या सगळ्यात वरच्या टोकावरून, मनगटाच्या एका झटक्याने. ब्लॉक करायला जाणाऱ्याला आधी त्याच्या खांद्यातून जावं लागतं. याच्यात उंची आहेच, पण उंचीपेक्षा पाय आहेत. याचं मूळ कुठे, तर शाळकरी वयात तो जुन्या काळच्या बिग मॅन जॉर्ज मायकनच्या नावाचा ड्रिल करायचा, रिंगखाली उभं राहून एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या हाताने, बॉल खाली पडू न देता.

सगळ्यांना माहिती असायचं की आता स्कायहुक, म्हणजे हाच हुक, येणार, तरी यायचा. १९७४ च्या फायनलची सहावी मॅच, करीम तेव्हा मिलवॉकीकडे, बॉस्टनमध्ये, डबल ओव्हरटाइम, एक पॉइंटने मागे, तीन सेकंद उरलेले, आणि उजव्या बाजूने लांबून टाकलेला हुक आत. मिलवॉकी १०२-१०१. सातव्या मॅचला बॉस्टनने त्याच्यावर दोन-दोन तीन-तीन माणसं टाकली आणि मिलवॉकी हरली, हे सांगायला हवं, नाहीतर माझी कसोटी मी सोयीने लावली असं होईल. तसंच १९८३ ला, करीम लेकर्सकडे असताना, फिलाडेल्फियाच्या मोझेस मलोनने रिबाउंडवर त्याला अक्षरशः चोपला आणि फिलाडेल्फियाने ४-० केलं. पण १९८५ बघा. फायनलची पहिली मॅच बॉस्टनने १४८-११४ अशी जिंकली, करीमचे १२ पॉइंट आणि ३ रिबाउंड, वय ३८, सगळ्यांनी म्हातारा झाला म्हणून निकाली काढलेला. दुसऱ्या मॅचला ३० पॉइंट, १७ रिबाउंड, ८ असिस्ट. लेकर्स सहा मॅचमध्ये जिंकले, फायनल एमव्हीपी, म्हणजे फायनलचा सर्वोत्तम प्लेयर, करीम. पहिला फायनल एमव्हीपी १९७१ चा, हा १९८५ चा, मधे चौदा वर्षं. लीगमधला खेळ बदलला, टीम बदलली, गुडघे बदलले, शॉट तोच. ३८,३८७ पॉइंटचा रेकॉर्ड २०२३ मध्ये लेब्रॉन जेम्सने मोडला तोपर्यंत टिकला, पण मी त्याला पहिला ठेवतो तो या १९८५ साठी.

हकीमबद्दल आमच्याकडे सगळे ड्रीम शेक म्हणतात आणि पुढे जातात. पण ते काय आहे नक्की? डिफेंडरने डावीकडचा रस्ता बंद केला तर उजवीकडे, उजवीकडचा केला तर परत डावीकडे, तो उडाला तर खालून, नाही उडाला तर वरून. म्हणजे काढून घेतलं तर काय करायचं याचं उत्तर त्या एकाच मूव्हमध्ये भरलेलं आहे. हा माणूस नायजेरियात लागोसला हँडबॉल आणि फुटबॉल खेळायचा, बास्केटबॉल शाळेच्या शेवटच्या वर्षांत हातात धरला, आणि ते पाय हँडबॉल-फुटबॉलमधून आलेले आहेत. १९९५ ला सॅन अँटोनियोच्या डेव्हिड रॉबिन्सनला दुसऱ्या मॅचच्या आधी सगळ्यांसमोर एमव्हीपीची ट्रॉफी दिली आणि त्याच मॅचमध्ये हकीमने त्याच्यासमोर ४१ टाकले. रॉबिन्सन म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हता, त्या काळचा टॉपचा डिफेंडर. पुढे फायनलला तरुण शॅकच्या ऑरलँडोला ४-०. पण मला विचाराल तर हकीमचा सगळ्यात मोठा क्षण १९९४ चा आहे, फायनलची सहावी मॅच, हकीमच्या ह्यूस्टनसमोर न्यूयॉर्क दोन पॉइंटने मागे, जॉन स्टार्क्स थ्री टाकतोय, गेला असता तर टायटल न्यूयॉर्कला, आणि एक सेंटर रिंग सोडून थ्री पॉइंट लाइनपर्यंत धावत येतो आणि बोटांच्या टोकांनी तो शॉट अडवतो. ८६-८४. आज सगळे विचारतात ना की बिग मॅनला बाहेर येऊन गार्डला धरता येतं का, हकीमने ते १९९४ मध्येच दाखवलं. ३,८३० ब्लॉक हा रेकॉर्ड आहेच, त्याच्याबरोबर सेंटर असून २,१६२ स्टील, म्हणजे समोरच्याकडून हिसकावलेले बॉल, आहेत, हा आकडा मला जास्त बोलका वाटतो.

डंकनवर कमी बोलतो कारण तो स्वतःच कमी बोलायचा आणि त्याच्या खेळावर भांडण फारसं होत नाही. २००३ च्या फायनलची सहावी मॅच, २१ पॉइंट, २० रिबाउंड, १० असिस्ट, ८ ब्लॉक. आता याच्यातून काय काढून घेणार? त्याच्याबाबतीत एकच गोष्ट खटकते, २०१३ च्या फायनलला सहाव्या मॅचच्या शेवटच्या सेकंदांत कोचने त्याला बाहेर बसवलं होतं, मायामीच्या बॉशने रिबाउंड घेतला आणि रे ॲलनने तो फेमस थ्री टाकला. कोचला वाटलं होतं की शूटरच्या मागे धावायला हलकी माणसं हवीत. पुढच्या वर्षी ३८ वर्षांचा डंकन त्याच मायामीला ४-१ ने हरवून पाचवं टायटल घेऊन गेला, त्यामुळे मी तो डाग धरत नाही.

योकिच शॅकच्या वर, यावर खुर्च्या सरकतात. मान्य आहे की तो उडत नाही, ब्लॉक मारत नाही, डिफेन्समध्ये त्याला लपवावं लागतं. पण कसोटी लावून बघा. २०२३ च्या फायनलला दुसऱ्या मॅचमध्ये मायामीने ठरवलं की याला पॉइंट टाकू द्या, पासिंग बंद करा. ४१ टाकले, असिस्ट फक्त ४, आणि मायामी जिंकली. सगळे म्हणाले सापडलं औषध. तिसऱ्या मॅचला ३२ पॉइंट, २१ रिबाउंड, १० असिस्ट, फायनलच्या इतिहासात असं आधी कोणीच केलं नव्हतं, आणि डेन्व्हरने सिरीज ४-१ ने घेतली. एक माणूस लावला तर स्कोर करणार, दोन लावले तर पास देणार, त्यामुळे समोरच्या कोचला निवडायला दोन वाईटच पर्याय राहतात. ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगच्या टीम नवे प्लेयर आळीपाळीने निवडतात त्यात, ४१ व्या नंबरला निवडलेला हा माणूस आहे, उडी आणि वेग बघून निवड करणाऱ्यांनी चाळीस वेळा त्याला सोडलं.

आता शॅक. २००० ते २००२ सलग तीन फायनल एमव्हीपी, आणि २००१ ला तर मुटोंबोसारख्या डिफेंडरला अंगावर घेऊन ३३ ची सरासरी. पीकवर रँकिंग करायचं असेल तर शॅक पहिला धरा, मी वाद घालणार नाही. पण २००० च्या फायनलची दुसरी मॅच बघा, ३९ पैकी २१ फ्री थ्रो चुकवले. इंडियानाने मुद्दाम फाऊल करून करून त्याचं हत्यार काढून घ्यायचा प्रयत्न केला आणि त्याच्याकडे उत्तर होतं ते फक्त अजून ताकद. मॅच जिंकले ते, ठीक आहे. चौथ्या मॅचला ओव्हरटाइममध्ये, म्हणजे अगदी पाच मिनिटांच्याच खेळात, शॅक सहा फाऊलवर बाहेर गेला आणि त्याच्याच टीमच्या कोबी ब्रायंटने मॅच काढली. शॅकची बहुतेक टायटलं अशी आहेत की शेवटची मिनिटं कोबी किंवा नंतरच्या टीममधल्या ड्वेन वेडच्या हातात. ५२.७ टक्के फ्री थ्रो असलेल्या माणसाच्या हातात शेवटच्या मिनिटाला बॉल द्यायला कोच घाबरतो, आणि ज्याच्या हातात बॉल द्यायला आपलाच कोच घाबरतो त्याला मी पहिल्या पाचात कसा घेऊ?

कोणी म्हणेल की ही कसोटी जुन्या लोकांना लावून काय फायदा, आता गेमच बदललाय. उलट आताच ती जास्त लागते. रुडी गोबेअर चार वेळा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर. २०२१ ला तो युटाकडे असताना क्लिपर्सनी सगळी छोटी माणसं उतरवली, गोबेअरला रिंगखालून उचलून कोपऱ्यात यायला भाग पाडलं आणि टेरन्स मॅनने सहाव्या मॅचमध्ये ३९ टाकून युटाला घरी पाठवलं. पुढचे डिफेंडर गळत होते म्हणून गोबेअर फसला हे खरंय, पण फसला.

आणि हे आपल्या अंगाशी कसं येतं ते सतनाम सिंगकडे बघितलं की कळतं. पंजाबमधल्या बल्लो के गावचा, ७ फूट २ इंच, लुधियाना अकॅडमी, मग अमेरिका, २०१५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलसने ५२ व्या नंबरला घेतला, भारतात जन्मलेला पहिलाच. आपण सगळे किती खूश झालो होतो, मी तर रस्त्यात लोकांना थांबवून सांगत होतो. पण त्याच जूनमध्ये, ड्राफ्टच्या नऊच दिवस आधी, गोल्डन स्टेट टायटल जिंकली होती आणि कशी, तर फायनलच्या चौथ्या मॅचपासून सेंटर बोगटला काढून त्याच्या जागी इग्वोडालाला सुरुवातीला उतरवून. सतनाम ज्या कामासाठी मोठा केला गेला होता ते कामच लीग बंद करत होती. एनबीएची एकही मॅच त्याला खेळायला मिळाली नाही. दोष त्याचा नाही, उंच पोराला एकच काम शिकवायचं ही आपली सवय आहे.

नाशिकमध्ये कुठल्याही आंतरशालेय मॅचला जा. आठवी-नववीतला एक पोरगा बाकीच्यांपेक्षा डोकंभर उंच असतो आणि साइडलाइनवरून त्याला सतत एकच ओरडलं जातं, खाली थांब, हात वर ठेव, बॉल आला की दे, ड्रिबल करू नको. सिमेंटचं कोर्ट, त्यावर रंग उडालेली जुनी लाइन, काही ठिकाणी तर फीबाने (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने) २०१० मध्ये बंद केलेला रिंगसमोरचा तो खाली पसरत जाणारा जुना पट्टाच अजून रंगवलेला, आणि त्याच्या आत हा पोरगा अख्खी मॅच हात वर करून उभा. जिल्ह्यापर्यंत चालून जातं कारण त्याच्याएवढं उंच कोणी नसतं. स्टेटला गेला की मुंबई-पुणे-नागपूरची तेवढीच उंच पोरं समोर येतात, ज्यांना पाय हलवता येतात, आणि याचं एकुलतं एक हत्यार पहिल्या क्वार्टरलाच संपतं. मग घरचे म्हणतात दहावी आहे, सोड. आणि हल्ली याच्या बरोबर उलटंही दिसतं, स्टेफ करीला बघून सगळी टीम थ्री टाकते आणि उंच पोराला कोपऱ्यात उभं करतात, तिथेही त्याच्या हातात बॉल नाहीच.

फ्रान्सचा तरुण बिग मॅन वेंबान्यामा ७ फूट ४ इंच आहे आणि लहानपणापासून त्याला ड्रिबल करू दिलं गेलं, बाहेरून टाकू दिलं गेलं. त्याला यादीत घ्यायला अजून वेळ आहे, प्लेऑफच्या सात-सात मॅचेस त्याच्याविरुद्ध लोकांना खेळू देत, मग बघू. पण आपल्या कोच मंडळींनी त्याची वाट बघायची गरज नाही. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की समर कॅम्प लागतील, तेव्हा त्या डोकंभर उंच पोराला रोज दहा मिनिटं मायकन ड्रिल द्या, दोन्ही हातांनी. आपसातल्या मॅचला बॉल त्यालाच वर आणायला लावा, चार वेळा हरवेल, हरवू द्या. फ्री थ्रो सगळ्यांच्या शेवटी त्याच्याकडून मारून घ्या, दमलेला असताना, आणि वरून जात नसेल तर खालून टाकू द्या, आणि हसणाऱ्या पोरांना विल्टच्या ३२ पैकी २८ ची गोष्ट सांगा.